प्लेगची तालीम: कुंडावर कोण जाणार?

सोमवारी कोल्हापूरची बाजारपेठ बंद असते. त्यामुळे पाचही जण मोकळे सापडतात आणि डेड बाय डेलाईट या व्हिडिओ गेमची कस्टम, म्हणजे आपापसातली, मॅच लावता येते: एक किलर, चार सर्व्हायव्हर. चौघांनी जनरेटर दुरुस्त करून दार उघडायचं आणि सुटायचं, किलरनं त्यांना आडवं पाडून हुकवर टांगायचं, तिसऱ्यांदा टांगला तो संपला. या पावसाळ्याचे सगळे सोमवार एकट्या प्लेगला द्यायचे ठरलं. कस्टममध्ये ब्लडपॉइंट, म्हणजे खेळातली कमाई, मिळत नाही, पण एकच डाव दहा वेळा लावता येतो, आणि प्लेगला नेमकं तेच लागतं. १९ मार्च २०१९ ला आलेली ही किलर वरवर सोपी वाटते. तोंडातून रोग ओकायचा, झालं. पण सगळी मॅच फिरते ती पाण्याच्या कुंडांवर. खेळात त्यांचं नाव पूल ऑफ डिव्होशन आहे. आपण कुंडच म्हणू, मणिकर्णिका कुंडाच्या गावात दुसरा शब्द कशाला शोधायचा!

नव्यांसाठी हिशोब थोडक्यात. हिरवी उलटी लागली की संसर्ग सुरू होतो आणि मीटर आपोआप चढत राहतं. मीटर भरलं की धडधाकट सर्व्हायव्हर जखमी होतो आणि त्याला ब्रोकन लागतं, म्हणजे मेडकिट असो की मित्राचा हात, बरं होणं बंद. आता एका फटक्यात तो आडवा. कुंडावर जाऊन धुतलं की रोग जातो, जखमही भरते. पण ते कुंड बाटतं. बाटलेलं कुंड प्लेग प्यायली की ६० सेकंद तिची उलटी लाल होते. लाल उलटी रोग देत नाही, थेट जखम करते, तीही लांबून. शेवटचं स्वच्छ कुंड बाटलं तर ही लाल ताकद तिला न पिताच मिळते आणि सगळी कुंडं पुन्हा साफ होतात.

आषाढातले सोमवार, किलरच्या बाजूनं

पहिली चूक सगळ्यांची एकच निघाली: समोर दिसलेल्या माणसाचं मीटर उभ्या उभ्या भरत बसणं. बटण दाबून उलटी भरताना प्लेगचा वेग पडतो, ओकून झाल्यावरही क्षणभर पाय जड राहतात. एरवी ती सेकंदाला ४.६ मीटर धावते आणि सर्व्हायव्हर ४. फरक फक्त ०.६ चा. उलटीच्या नादात १२ मीटर अंतर गेलं तर ते भरून काढायला सरळ रस्त्यावरसुद्धा २० सेकंद लागतात. आणि जनरेटर तर एकट्या माणसाकडून ९० सेकंदांत होतो. म्हणून सुरुवातीला प्रत्येकाला नुसतं शिंतडून पुढं जायचं, बाकीचं काम मीटर करतं.

जाता जाता जनरेटरवर, खिडकीच्या चौकटीवर, पॅलेटवर (किलरच्या वाटेत पाडायची लाकडी फळी) एक फवारा टाकायचाच. रोगट वस्तूला हात लावणाऱ्याला संसर्ग होतो, आणि पूर्ण आजारी माणूस स्वतः ज्याला हात लावेल तेही बाटवतो. एकाच जनरेटरवर दोघं बसले असतील तर एकाला लागलेलं दोघांना पोहोचतं. या पहिल्या दोन मिनिटांसाठी तिचा स्वतःचा पर्क (सोबत घ्यायची खास क्षमता), करप्ट इंटरव्हेन्शन, बसवून घ्यावा. तिसऱ्या पातळीवर तो किलरपासून सगळ्यात लांबचे ३ जनरेटर १२० सेकंद बंद ठेवतो. पहिला माणूस आडवा झाला की मात्र तो संपतो. त्यामुळे बंद जनरेटर असताना घाईनं पहिला डाऊन घेण्यापेक्षा चौघांना लावून येणं आम्हाला जास्त फायद्याचं वाटलं. यावर आमच्यातच अजून दोन मतं आहेत.

चेसमध्ये, म्हणजे पाठलागात, उलटी कधी? समोरचा खिडकी किंवा पॅलेट ओलांडताना. त्या वेळी त्याला बाजूला सरकता येत नाही. मोकळ्यावर मारली तर तो वळण घेतो आणि अंतर मात्र आपलं जातं. दुसरं म्हणजे हुल. उलटी भरायला लागली की समोरचा लूप (ज्या आडोशाभोवती तो गोल फिरवतो) सोडून पळतो किंवा भिंतीआड दडतो. त्याच क्षणी बटण मागे घेऊन जवळच्या वाटेनं जाऊन साधा फटका द्यायचा. कबड्डीतल्या चढाईसारखं आहे हे, हात एकीकडे, पाय दुसरीकडे.

लाल उलटीचा नेम वेगळा बसवावा लागला. धार सरळ जात नाही, पुढं जाऊन खाली वाकते. लांबच्या माणसाच्या डोक्यावर नेम धरा, तेव्हा ती छातीवर पडते. बुटक्या आडोशावरून, पडलेल्या पॅलेटवरून ती सहज पलीकडे जाते. कोल टॉवरसारख्या उघड्या मॅपवर मान वर करून भिंतीवरूनही टाकता येते. लेरीज किंवा गिडियन मीट प्लांटमध्ये तीच धार छताला अडते. तिथं दारात उभं राहून बोळाच्या लांबीनं मारावी.

सगळ्यात जास्त वाया जातात ते पिण्याचे सेकंद. ६० चा काटा प्यायल्यावर लगेच सुरू होतो. ४० मीटर लांब जनरेटर असेल तर चालण्यातच जवळजवळ ९ सेकंद गेले. म्हणून आपल्या जवळचं कुंड बघू नका. ज्या जनरेटरवर माणसं आहेत त्याच्या जवळचं कुंड निवडा, आणि तिथं आधी चालत जाऊन मग प्या. एखादं बाटलेलं कुंड राखून ठेवणं हासुद्धा डाव आहे. शेवटचे ३ जनरेटर एकमेकांच्या जवळ उरले आणि त्यांच्या मध्ये न प्यालेलं कुंड असलं, तर समोरच्यांचा जीव अर्धा होतो.

श्रावण: चौघांच्या बाजूनं

समोर कोण आहे हे लोडिंगमध्ये कळत नाही, पण मॅच सुरू होताच कुंड दिसलं की प्लेग नक्की. तिथूनच बोलायला सुरुवात करायची. आणि पहिलं वाक्य: "न विचारता कुणी धुवायचं नाही."

धुवायचंच नाही, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अर्धा खरा आहे. कुणीच धुतलं नाही तर प्लेगकडे लांबून मारायचं काहीच उरत नाही. ती जवळ येऊन हाणणारी साधी किलर होते. शिवाय एकमेकांना बरं करण्यात जाणारे १६-१६ सेकंद वाचतात आणि तेवढा वेळ जनरेटरवर लागतो. सगळेच कायम जखमी असल्यामुळे रेझिलियन्स पर्क पूर्ण वेळ चालू राहतो, तिसऱ्या पातळीवर कामाचा वेग ९ टक्के जास्त. वुई विल मेक इट, सेल्फ केअर हे बरं करण्याचे पर्क आणि मेडकिट यांचा मात्र इथं उपयोग नाही.

उरलेला अर्धा असा. चौघंही एका फटक्याचे असतात, त्यामुळे चेस लई लहान होतात. चेसमध्ये कच्चा माणूस असेल तर तो १५ सेकंदांत हुकवर जातो, आणि तोच तोच जात राहतो. आमच्या तालमीत सगळ्यात जास्त मॅच याच कारणानं हरल्या गेल्या. म्हणून आता नियम एका माणसापुरता आहे: दोनदा हुकवर गेलेल्याला धुण्याचा हक्क, बाकीच्यांना नाही. तेही तीन अटींवर. प्लेग दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी मागे आहे, उरलेल्या जनरेटरपासून सगळ्यात लांबचं कुंड निवडलंय, आणि धुतल्यावर तो रोगट जनरेटरला लगेच हात लावणार नाही. तिसरी अट विसरली जाते. धुऊन येऊन त्याच हिरव्या जनरेटरवर बसलं की प्लेगला एक कुंड फुकट दिलं.

चेस चालू असताना कुंडाकडे धावणं ही सगळ्यात महाग चूक. माणूस बरा होतो, प्लेग तिथंच उभी असते, तिथंच पिते.

ती लाल झाली की ६० सेकंद काढायचे, दुसरं काही नाही. गाडी, पेट्या, बुटके आडोसे असलेला लूप सोडा आणि उंच भिंतीमागे जा. खिडकीवरून उडी मारू नका, उडीत सापडाल. पॅलेट आधीच पाडून पुढं निघा. आणि पांगा. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली, पुढं आपल्याकडे गावंच्या गावं घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिली. इथंही एका ठिकाणी गोळा न होणं हेच औषध. तिचा इन्फेक्शस फ्राईट पर्क असेल तर एक जण पडताच टेरर रेडियसमधले, म्हणजे ३२ मीटरच्या आतले, बाकीचे किंचाळतात आणि त्यांची जागा ६ सेकंद दिसते. लाल उलटी हातात असताना हे ६ सेकंद तिला पुरतात. हुकजवळ दोघं-तिघं जमले असतील तर एकाच धारेत सगळे जातात, वाचवायला एकानंच जावं.

गणपतीआधीचे दोन सोमवार

मॅचच्या शेवटच्या टप्प्यावर काम चालू आहे. शेवटचा जनरेटर झाला की दार उघडायला २० सेकंद लागतात, आणि दाराचा खटकाही रोगट करता येतो. या वेळी कुणी धुतलं की लाल उलटी थेट दारात येते, आणि दारासमोर आडोसा कमी असतो. सध्याचा प्रयोग असा: शेवटच्या जनरेटरचं काम थोडं उरलं असताना, प्लेग हुककडे निघाल्यावर, ज्याला दार उघडायचंय त्या एकट्यानं दारापासून उलट्या कोपऱ्यातल्या कुंडावर धुवायचं. ती प्यायला गेली तर ६० मधले बरेच सेकंद चालण्यात जातात. नाही गेली तर दारावर एक धडधाकट माणूस उभा असतो. कोल टॉवरवर हे जमतंय. लेरीजमध्ये मधल्या खोलीतून ती सगळीकडे लवकर पोहोचते, तिथं अजून सगळ्या दिशांनी करून बघायचं आहे. पुढच्या सोमवारी तेवढाच एक मॅप.