वारा नावाचा अज्ञात इसम

3 मे 2022 रोजी आखाजी आणि रमजान ईद एकाच दिवशी आल्या. बाकीचा महाराष्ट्र ज्या सणाला अक्षय्य तृतीया म्हणतो ती आमच्या खान्देशात आखाजी, आणि सासुरवाशिणींना विचाराल तर तिच्यापुढे दिवाळीसुद्धा फिकी. झोके बांधले जातात, गौराई बसते, पुरणपोळी आणि आमरसाचे जेवण होते आणि दुपार कलली की ओट्याओट्यावर पत्त्यांचे डाव पडतात. जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे फ्लेक्स छपाईचे दुकान आहे, आणि वर्षातले काही दिवस असे असतात की छपाईयंत्र रात्रभर बंदच होत नाही. ती त्यांपैकी एक रात्र होती.

त्या महिन्याची हवा वेगळीच होती. 2 एप्रिलला गुढीपाडव्याच्या सभेत राज ठाकरे यांनी मशिदींवरील भोंग्यांचा प्रश्न काढला होता, 1 मे रोजी औरंगाबादच्या सभेत 4 तारखेनंतर ऐकून घेणार नाही असे बजावले होते, आणि पोलीस ठाण्यातून कार्यकर्त्यांना कलम 149 च्या प्रतिबंधात्मक नोटिसा निघत होत्या. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम सगळ्याच धर्मांना आणि सगळ्याच लग्नांना लागू आहे, ही गोष्ट मात्र त्या महिनाभरात कोणाच्या भाषणात माझ्या तरी कानावर आली नाही. माझ्या शेजारच्या मंडपवाल्याने दोन्ही बाजूंना भोंगे भाड्याने दिले होते. त्याचा हंगाम माझ्यापेक्षा बरा गेला.

नगरपालिकेवर प्रशासक बसलेला होता आणि निवडणूक ओबीसी आरक्षणाच्या वादात अडकली होती, त्यामुळे गावात इच्छुकांची कमतरता नव्हती. त्यांपैकी एका इच्छुकांना सगळे अप्पा म्हणतात. 1 तारखेच्या संध्याकाळी त्यांचा उजवा हात समजला जाणारा पोरगा दुकानात आला आणि त्याने वीस बाय दहाचे दोन फलक सांगितले. पहिला मुख्य चौकासाठी, त्यावर भगवान परशुराम, आखाजीच्या शुभेच्छा आणि भगव्या फेट्यातले अप्पा. दुसरा दर्ग्याकडच्या वळणासाठी, त्यावर चाँद, मिनार, ईद मुबारक आणि गोल टोपीतले अप्पा. टोपी घालून फोटो काढायला अप्पांना सवड नव्हती, म्हणून संगणकावर दुसऱ्याच कोणाची टोपी कापून ती त्यांच्या डोक्यावर बसवावी लागली. फेट्याचा एक तुरा कानामागून डोकावत होता, तो खोडायला मला पाऊण तास लागला. जोडलेले हात, हसू आणि घड्याळ मात्र दोन्ही फलकांवर तेच होते.

खालच्या कोपऱ्यात नगरपालिकेच्या परवानगीचा क्रमांक टाकण्यासाठी मी दरवेळी एक पट्टी सोडतो. सार्वजनिक जागा विद्रूप होऊ नयेत म्हणून 1995 चा कायदा आहे आणि बेकायदा फलकांबाबत 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा कडक निकालही आलेला आहे. ती पट्टी दोन्ही फलकांवर कोरीच राहिली.

आता खरी गोष्ट सांगतो. एवढ्या मोठ्या फ्लेक्सला वारा जाण्यासाठी ठिकठिकाणी अर्धचंद्राकृती काप द्यावे लागतात. दिले नाहीत तर फलकाचे शीड होते आणि मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की फलक अडकवायच्या रिंगेपाशी सुरू झालेली चीर थेट दुसऱ्या टोकाला जाते. मी कात्री हातात घेतली तसा तो पोरगा म्हणाला, "देवाच्या फलकावर चंद्रकोरी कशाला पाडता, भाऊ? लोक काय म्हणतील?" मी म्हटले, बरे, चौकोनी काप देतो. त्यावर देवाच्या अंगावर कात्रीच नको असे ठरले. दुसरा फलक न्यायला त्या मोहल्ल्यातले दोघे जण आले. त्यांचेही तेच म्हणणे पडले, की पवित्र मजकुराला भोके पडता कामा नयेत. एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे इतके एकमत मी त्यापूर्वी पाहिलेले नव्हते. गिऱ्हाईक म्हणेल ते करायचे, या सवयीने मी कात्री खाली ठेवली, आणि त्यात माझी चूक होती हे मी नाकारत नाही.

2 तारखेच्या मध्यरात्रीनंतर वारा सुटला. सकाळी साडेसहाला फोन आला की फलक फाडले, ताबडतोब या, नवीन छापायचे आहेत. चौकात पोहोचलो तेव्हा परशुरामाचा परशू आणि अप्पांचा अर्धा चेहरा एका तुकड्यावर लोंबत होता, आणि खाली पन्नासेक तरुण विटंबनेविरुद्ध घोषणा देत होते. बसस्थानकाजवळचा म्हातारा चहावाला तेवढा शांतपणे दूध उकळत होता. त्याने मला बाजूला घेऊन सांगितले, "वारानी फाडा रे भाऊ तो, मी मना डोयाघाई देखं." तिकडे दर्ग्याच्या वळणावर दुसरा फलकही तसाच, त्याच बाजूने, त्याच वरच्या रिंगेपासून फाटलेला होता, आणि तिथेही पन्नासेक तरुण होते.

मी फाटलेली कड हातात घेऊन पाहिली. फ्लेक्स म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये दाबलेले दोऱ्याचे जाळे असते. पाते चालवले तर दोरे एका रेषेत, साफ तुटतात. इथे ते पिंजल्यासारखे लांब-आखूड बाहेर आले होते आणि वरच्या लाकडी पट्टीवर रिंग तशीच अडकून राहिली होती. हे मी चौकातल्या अंमलदाराला दाखवले. तो भला माणूस होता. त्याने दोरे बोटांनी चाचपले, मान हलवली आणि म्हणाला, "पटतंय मला. पण वाऱ्याविरुद्ध फिर्याद कशी घेऊ? आणि नाही घेतली तर हे लोक इथून हलणार आहेत का?" थोड्याच वेळात 'अज्ञात इसमाने' असा शब्द कागदावर उतरला, आणि दुसऱ्या फलकासाठी दुसऱ्या कागदावर दुसरा अज्ञात इसम उतरला.

तोवर एका वाहिनीचा स्थानिक प्रतिनिधी बूम घेऊन पोहोचला होता. तो माझ्या ओळखीचा, त्याची ओळखपत्रेही माझ्याकडेच छापलेली. मी त्याला तेच दोरे दाखवले आणि म्हटले की दर्ग्याच्या वळणावरचाही फलक फाटलेला आहे, दोन्ही एकत्र दाखव म्हणजे लोकांना आपोआप उमजेल. तो म्हणाला, "दादा, वाऱ्याचा बाइट कुठून आणू? आणि दोन्ही दाखवले तर बातमी उरते का?" तो परशुरामापाशीच उभा राहिला. वळणावर मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करणारा दुसरा एक पोरगा होता. त्याच्या चौकटीत फक्त चाँद आणि मिनार होते. दोघांनीही सुरुवात एकाच वाक्याने केली, साने गुरुजींच्या कर्मभूमीत आज काळा दिवस उगवला आहे. ज्या गुरुजींनी 1947 मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले, त्यांचे नाव एवढ्यापुरते कामी आले.

नऊच्या सुमारास अप्पा चौकात आले. आमच्या सहनशीलतेचा अंत पाहू नका, चोवीस तासांत आरोपी पकडा, असे ते गरजले. साडेदहाला मी नव्या फलकाचे माप घेण्यासाठी वळणावर गेलो तर तिथेही अप्पा, ईदची नमाज उरकून आलेल्यांना आलिंगन देत, अत्तर लावलेला हात छातीवर ठेवून, चोवीस तासांत आरोपी पकडा, असेच म्हणत होते. एकाच माणसाचे दोन फलक एकाच रात्री फाटले आहेत, हे चौकातल्या गर्दीला वळणावर नेऊन किंवा वळणावरच्या गर्दीला चौकात आणून सहज दाखवता आले असते. मी ते अप्पांच्या कानात सुचवलेही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही नवे फलक लागले पाहिजेत असे सांगितले.

त्या दिवशी मी दोन्ही बदली फलक छापले, एका बाजूच्या निषेध सभेचा फलक छापला, दुसऱ्या बाजूच्या मूक मोर्चाचा छापला आणि शांतता राखण्याच्या आवाहनाचाही छापला. एका दिवसात एवढा धंदा मी त्या वर्षात दुसऱ्यांदा केला नाही. मी खरे बोललो होतो, पण यंत्र बंद ठेवले नव्हते. संध्याकाळी उजव्या हाताला मी पुन्हा विचारले की या वेळी तरी काप देऊ का. तो कातावून म्हणाला, आता तर मुळीच नको, फलक फाटून एवढे झाले आणि तुम्हीच कात्री लावता म्हणे. मी वरच्या कडेला दुहेरी रिंगा मारून दिल्या आणि वारा येऊ नये अशी इच्छा केली.

जूनच्या शेवटी शिवसेनेत बंड झाले आणि अप्पांच्या फलकावरचे वरचे दोन नेत्यांचे फोटो काढून तिथे दुसरे बसवण्याचा निरोप रात्री अकराला आला. फेट्याची आणि टोपीची, दोन्ही फाइली उघडाव्या लागल्या. त्या निमित्ताने मी आखाजीच्या पहिल्या दोन फलकांचे राहिलेले 2,800 रुपये मागितले. फाटलेल्या मालाचे कसले पैसे, असे त्यांच्या हिशेबनिसाचे म्हणणे पडले.