कातळावर नेमकं काय मिळतं?

"जीव धोक्यात घालून मिळतं काय तुला?" मी कातळकडे चढायला जाते म्हणून हा प्रश्न आईपासून ऑफिसातल्या मंडळींपर्यंत सगळ्यांनी मला विचारलाय. गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीने १९२३ मध्ये एव्हरेस्ट का चढायचा यावर 'कारण तो तिथे आहे' असं उत्तर दिलं आणि पुढच्याच वर्षी त्याच डोंगरावर त्याचा अंत झाला. मला ते उत्तर कधीच पुरलं नाही. तिथे तर सिंहगडही आहे, आणि तो पायवाटेने चढून, पिठलं-भाकरी खाऊन माणसं खुशीत घरी येतात.

माझ्यापुरतं उत्तर मला रायगडासमोरच्या लिंगाणा सुळक्यावर मिळालं. मोहरी गावातून अंधारातच निघायचं, बोराट्याच्या नाळेतल्या धोंड्यांवरून उतरत खिंडीत यायचं, की सुळका थेट अंगावर येतो. सह्याद्रीचा कातळ थरांचा. एका थरात बोटं रुततील अशी पक्की खाच मिळते, आणि त्याच्याच वर मुरूम, घसारा, बुटाखाली सरकणारं वाळलं गवत. होल्डवर, म्हणजे हातापायाच्या आधाराच्या दगडावर, भार टाकण्याआधी दगड ठोकून बघायचा. बद्द आवाज आला की तो सोडायचा, दुसरा शोधायचा. त्या वेळी डोक्यात हप्ते नसतात, कालचं भांडण नसतं. उजवा पाय कुठे ठेवू, एवढंच असतं. एरवी दिवसभरात माझं मन असं एका जागी कधी थांबत नाही. आणि खरं सांगते, पडण्याची भीती नसती तर ते इथेही थांबलं नसतं. त्यामुळे धोका मला अजिबात नको असतो, असं मी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट दोराची. मी चढत असते तेव्हा खाली बिले देणाऱ्या, म्हणजे दोर धरून मला सांभाळणाऱ्या, मैत्रिणीची नजर माझ्या पायांवरून हलत नाही. 'स्लॅक' म्हटलं की दोर सैल, 'टाइट' म्हटलं की ताणलेला. बाकी बोलणं नाही. मग ती वर यायला लागते आणि तिचा जीव माझ्या हातात येतो. शहरात कुणावर इतका विसंबून राहण्याचा प्रसंगच येत नाही.

माथ्यावरून समोर रायगड दिसतो, ऊर भरून येतो. तरी केवळ माथ्यासाठी माणूस जातो हे मला पटत नाही. १९५५ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक जो ब्राऊन आणि जॉर्ज बँड ८,५८६ मीटरच्या कांचनजुंगावर पहिल्यांदा पोचले, आणि शिखर सिक्कीमच्या लोकांना पवित्र म्हणून अगदी शेवटची काही पावलं न टाकता मागे फिरले. पुढे अनेकांनी हीच प्रथा पाळली. त्यांची चढाई कुणी अपुरी मानत नाही.

२०१९ मध्ये पुण्याच्या 'गिरिप्रेमी' या गिर्यारोहण संस्थेच्या दहा जणांनी कांचनजुंगा सर केलं तेव्हा आम्ही सगळे आनंदाने वेडे झालो होतो. त्याच मोसमात त्याच पर्वतावर बंगालचे दोन गिर्यारोहक मरण पावले. ती बातमी आईनेही वाचली होती.

तिचा प्रश्न मी उडवून लावत नाही. हा धोका मी पत्करलेला आहे, तिने नाही. ढग भरून आले किंवा आग्या मोहोळ उठलेलं दिसलं तर मागे फिरायचं, हा आमच्या ग्रुपचा नियम मी तिला दर वेळी सांगते. ती ऐकून घेते, आणि मी रेंजमध्ये येऊन फोन करेपर्यंत जेवत नाही.