‘द स्वीनी’ची खरखर येते कुठून?

‘द स्वीनी’ या सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश पोलीस मालिकेचा कुठलाही भाग लावा, आवाज बंद करा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. पाऊस पडून गेलेला रस्ता, काजळी धरलेली विटांची घरं, पत्रे ठोकून बंद केलेली गोदामं, आणि या सगळ्यावर सतत हलणारे बारीक दाणे. हाणामारी अजून सुरूही झालेली नसते, तरी अस्वस्थ व्हायला होतं. या मालिकेतला रांगडेपणा लोक मुख्य डिटेक्टिव्ह रीगन झालेल्या जॉन थॉच्या आवाजात शोधतात. तो तिथे आहेच, पण त्याआधी तो फिल्ममध्ये आणि चित्रीकरणाच्या वेळापत्रकात आहे.

आधीच्या मालिका कशा बनत ते पाहिलं की हे नीट कळतं. बीबीसीची ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ १९५५ ते १९७६ चालली. त्या काळच्या बहुतेक मालिकांत घरातले प्रसंग स्टुडिओत, एकाच वेळी चालणाऱ्या अनेक व्हिडिओ कॅमेऱ्यांवर आणि बाहेरचे प्रसंग फिल्मवर घेत. व्हिडिओवर सेकंदाला ५० क्षेत्रं (म्हणजे अर्धी-अर्धी चित्रं), फिल्मवर २५ चौकटी. त्यामुळे पात्र दारातून रस्त्यावर आलं की हालचालींचा पोतच बदलतो आणि घराच्या भिंती प्लायवूडच्या आहेत हे डोळ्याला समजतं. २ जानेवारी १९६२ला सुरू झालेली ‘झी कार्स’ तर सुरुवातीची काही वर्षं थेट प्रक्षेपित होई. गाडीतले प्रसंगसुद्धा स्टुडिओतच, मागे पडद्यावर रस्ता पळवून. ट्रॉय केनेडी मार्टिनने त्यात पोलिसांना पत्ते खेळणारी, चिडणारी, घरी बायकोवर हात उचलणारी माणसं केलं, आणि त्यावर पोलिसांकडूनच नाराजी उमटली. लेखन धाडसी होतं, पण चित्र अजून नाटकाचंच होतं.

ट्रॉयचा भाऊ इयन केनेडी मार्टिन याने ‘द स्वीनी’ निर्माण केली. आधी ४ जून १९७४ला ‘रीगन’ ही पायलट फिल्म आली, मग १९७५ ते १९७८ या काळात चार पर्वांत ५३ भाग. बनवणारी कंपनी यूस्टन फिल्म्स ही थेम्स टेलिव्हिजनची १९७१ साली काढलेली शाखा. त्यांनी स्टुडिओच सोडून दिला. सगळं १६ एमएम फिल्मवर आणि जवळपास सगळं खऱ्या जागेत.

एका भागाला दहा कामाचे दिवस. भाग साधारण ५० मिनिटांचा, म्हणजे रोज पाचेक मिनिटांचं तयार चित्रण हातात यायलाच हवं. दिवसात दोनदा मुक्काम हलवला तर ट्रक, दिवे, खानपान यांतच अर्धा दिवस जातो. म्हणून नियम असा की दिवसाला एक जागा, भागाला दहा जागा. लेखकांना हे गणित सांभाळूनच लिहावं लागे. प्रसंग थोडे आणि सलग का, एकाच गल्लीत पाठलाग, मारामारी आणि अटक का उरकते, याचं उत्तर इथे आहे. युनिटचा तळ हॅमरस्मिथमधल्या कोलेट कोर्ट या जुन्या शाळेच्या इमारतीत होता आणि तिथल्याच खोल्यांत पोलिसांची कचेरी उभी केलेली. साहजिकच पश्चिम लंडनचे तेच ते रस्ते पुन्हा पुन्हा दिसतात. मला तो दोष वाटत नाही. चार भागांनंतर तो परिसर आपल्या ओळखीचा होतो.

आता ते दाणे. १६ एमएमची चौकट साधारण १०.३ बाय ७.५ मिलिमीटर, म्हणजे ३५ एमएमच्या चौकटीच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान. तीच पडद्याएवढी मोठी करायची म्हटल्यावर दाणे दिसणारच. शिवाय त्या काळची रंगीत निगेटिव्ह १०० एएसएच्या (हे प्रकाशाला संवेदनशीलतेचं माप) आसपासची आणि पिवळ्या दिव्यांसाठी बनवलेली. दिवसा बाहेर ८५ क्रमांकाचा नारिंगी फिल्टर लावला की हाताशी उरते ६४ची संवेदनशीलता. हिवाळ्यात लंडनमध्ये चार वाजताच अंधारतं. अशा वेळी फिल्म प्रयोगशाळेत जास्त वेळ डेव्हलप करून घेतली की उजेडाची भरपाई होते, पण दाणे फुगतात आणि सावल्या मातकट होतात. ४०० फुटांचं एक रीळ जेमतेम साडेदहा मिनिटं चालतं, म्हणून रीटेकही मोजूनमापून. याचा मोठा फायदा नटांच्या कामात दिसतो. थॉ आणि डेनिस वॉटरमन वाक्यावर वाक्य टाकतात, अडखळतात, आणि ते तसंच राहतं.

फिल्मवर असल्याचा आणखी एक लाभ म्हणजे ५३च्या ५३ भाग आज शाबूत आहेत. ‘डिक्सन’चे चारशेहून अधिक भाग झाले, त्यांतले थोडकेच उरले. व्हिडिओ टेप महाग असायची, त्यामुळे ती पुसून पुन्हा वापरत.

पण नुसत्या पोतावर मालिका उभी राहत नाही. आपल्याकडच्या प्रेक्षकाला इथे एक कायद्याचा फरक माहीत असलेला बरा. भारतात पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही: आधी १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार, आणि जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नुसार. इंग्लंडमध्ये तो चालायचा, आणि चौकशीचं ध्वनिमुद्रणही होत नसे. अधिकाऱ्याने वहीत काय लिहिलं त्यावर माणूस आत जाऊ शकत होता. आरोपी न बोललेली वाक्यं त्याच्या तोंडी घालण्याला ‘व्हर्बल’ असा शब्दच होता. १९८४चा पोलीस व फौजदारी पुरावा कायदा १९८६च्या जानेवारीत लागू झाला, तेव्हा यावर लगाम आला. त्यामुळे चौकशीच्या खोलीत रीगन वही उघडतो किंवा मिटतो, तिकडे लक्ष ठेवा. ‘ग्रास’ म्हणजे खबऱ्या, ‘ब्लॅग’ म्हणजे सशस्त्र दरोडा, ‘मॅनर’ म्हणजे आपला इलाका, एवढे शब्द कळले तरी बरंच निभावतं. मालिकेचं नावही तसलंच: ‘स्वीनी टॉड’चं यमक ‘फ्लाइंग स्क्वॉड’शी, म्हणजे लंडन पोलिसांच्या सशस्त्र दरोड्यांमागे लागणाऱ्या पथकाशी.

याच विषयाची सर्वांत कठोर मालिका म्हणजे बीबीसीची १९७८ची ‘लॉ अँड ऑर्डर’. जी. एफ. न्यूमनचं लेखन, लेस ब्लेअरचं दिग्दर्शन, टोनी गार्नेटची निर्मिती. चारच भाग: डिटेक्टिव्हचा, गुन्हेगाराचा, वकिलाचा, कैद्याचा. इन्स्पेक्टर पायल हा जॅक लिनला त्याने न केलेल्या दरोड्यात अडकवतो, आणि पुढचे भाग ती खोटी केस यंत्रणेतून कशी सरकत जाते ते दाखवतात. कुणी ओरडत नाही. माझ्या मते ‘द स्वीनी’पेक्षा ती श्रेष्ठ आहे, पण आधी ‘द स्वीनी’ बघा, नाहीतर त्या थंडपणाची धार कळणार नाही.

बघण्यापूर्वी टीव्हीत तीन गोष्टी तपासा. चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा. पडदा भरण्यासाठी झूम केलंत तर उंचीचा पाव भाग कापला जातो आणि जवळच्या दृश्यांत कपाळं गायब होतात. नॉइज रिडक्शन बंद करा, कारण टीव्ही दाण्यांना बिघाड समजून पुसतो आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात. मोशन स्मूदिंगही बंद करा. ते २५ चौकटींच्या मध्ये बनावट चौकटी घालतं, आणि मग एवढा खटाटोप करून टाळलेला स्टुडिओचा गुळगुळीतपणा परत येतो.

आणि ‘द स्वीनी’चा शेवटचा भाग, ‘जॅक ऑर नेव्ह’, शेवटीच बघा. त्याच्या आदल्या वर्षी, १९७७ साली, खऱ्या फ्लाइंग स्क्वॉडचा माजी प्रमुख केनेथ ड्र्युरी भ्रष्टाचारासाठी आठ वर्षांच्या शिक्षेवर तुरुंगात गेला होता. या भागात लाचखोरीचा संशय रीगनवरच येतो. तो निर्दोष ठरतो, वरिष्ठ त्याला परत घ्यायला तयार असतात, आणि तो नोकरी सोडून निघून जातो.