सतरा सत्तर

काल दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, डोळा लागतोय तोच उशीखाली फोन थरथरला. बँक. १७.७० कापले. कशाचे, तर तिमाहीचे एसएमएस चार्जेस, पंधरा रुपये आणि वर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे मेसेज पाठवायचे पैसे घेतले हे सांगायला बँकेने मला मेसेज पाठवला. झोप गेली ती गेलीच, पण सवयीने नजर शेवटच्या ओळीवर गेली. अव्हल बाल २,१४०.३५. तारीख चोवीस. बरं चाललंय म्हणायचं.

'अव्हल बाल' म्हणजे अवेलेबल बॅलन्स हे कळायला मला सुरुवातीला बरेच दिवस लागले होते, आणि कळल्यावरही तो आकडा मला बाळच वाटत राहिला. एक तारखेला गुटगुटीत, पाच तारखेला घरभाडं आणि फ्रिजचा हप्ता गेला की एकदम अर्धा, आणि विशीनंतर तर बरगड्या मोजून घ्याव्यात. अंगणवाडीत वजनाचा तक्ता असतो ना, तसा माझ्या डोक्यात आहे. सात तारखेला नऊ हजार, पंधराला सहा, बावीसला तीन. त्याच्या खाली गेला की कुपोषण, मग दोन-तीन दिवस रिक्षा बंद, पीएमपीचा पास, डब्यात उसळ. मैत्रिणीने खर्च लिहायचं एक अ‍ॅप घालून दिलं होतं, त्यात रंगीत गोल यायचा, चार दिवस लिहिलं आणि पाचव्या दिवशी 'इतर' मध्ये सगळं टाकून मोकळी झाले. मेसेजचं तसं नाही, तो आपल्याला लिहायला लावत नाही, तो नुसता येऊन उभा राहतो. दुकानातून पिशवी घेऊन बाहेर पडावं आणि पायरीवरच टिंग व्हावं, म्हणजे कसं, आई दारातच विचारायची ना, "कितीला घेतलंस?"

आणि पहिले पाच दिवस तर श्वास रोखूनच असते मी. पूर्वी पाच तारीख रविवारी आली की हप्ता सोमवारी कापायचे, तेवढाच एक दिवस श्रीमंतीचा. २०२१ च्या ऑगस्टपासून ते रविवारीही कापायला लागले. मे महिनाअखेरीला आणखी एक गंमत, अचानक ४३६ आणि मग २० असे दोन मेसेज येतात आणि दरवर्षी माझ्या पोटात गोळा येतो की हॅक झालं खातं. मग आठवतं, अरे हो, तो पंतप्रधान विमा, आपणच फॉर्म भरला होता. आधी ३३० आणि १२ होते, २०२२ पासून वाढले. मी मेले तर दोन लाख मिळणार आहेत आणि मी ४३६ रुपये कुठे गेले म्हणून हळहळतेय.

तर हे सगळं नीट चाललं होतं आणि मध्ये आमच्या बँकेने ठरवलं की शंभराच्या आतले यूपीआय झाले तर मेसेज पाठवायचा नाही. लोकांना त्रास होतो म्हणे सारखा सारखा. मला कुणी विचारलं नाही. त्या महिन्यात पंधरा तारखेला माझं बाळ एकदम चार हजारांवर आलेलं, आणि मला कळेना की मी खाल्लं तरी काय. स्टेटमेंट उघडून बघितलं तर चहा वीस, चहा वीस, वडापाव वीस, भाजी साठ, कोथिंबीर दहा, चहा वीस. मुंग्यांनी साखरेचा डबा नेला होता, न सांगता.

उपाय काय करायचा? एका नंबरला मिस्ड कॉल दिला की शिल्लक कळते, फुकट, पण ते म्हणजे आपण होऊन वजनकाट्यावर उभं राहणं, ते कोण करतंय. मी वेगळंच केलं. वाण्याकडे ९२ रुपये झाले तर मी १०१ पाठवायला लागले. मेसेज यावा म्हणून. वर "नऊ रुपये जमा ठेवा काका." पहिल्यांदा काका हसले, दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं, तिसऱ्यांदा म्हणाले, "ताई, लोक उधारी ठेवतात, तुम्ही माझ्यावर आहेर करताय." खरंच की, १०१ म्हणजे आहेराचाच आकडा, फक्त पाकीट नाही एवढंच. आता त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर माझं नाव आहे आणि जमा, जमा, जमा लिहिलेलं आहे. आमच्या सात पिढ्यांत वाण्याच्या वहीत जमेच्या बाजूला नाव असलेली मी पहिलीच असेन.

हा विक्षिप्तपणा कुठून आला ते मला माहीत आहे. साताऱ्याला आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असायचं, त्याच्या चौकोनांत दुधाचे आकडे आईचे, एक, एक, दीड, फुली, आणि शनिवारच्या चौकोनात बाबांचा एक आकडा, लाल रिफिलने. शनिवारी बँक अर्धा दिवस असायची, बाबा मला घेऊन जायचे. पासबुक मशीनमध्ये सरकवलं की ते किर्र किर्र करत एकेक ओळ छापायचं आणि बाबा काउंटरवर कोपर टेकून, ती शाई वाळायच्या आत वाचायचे, ओठ हलवत. घरी आले की चप्पल काढायच्या आधी कालनिर्णयावर शिल्लक लिहायची. सातवीत असताना मी एकदा दोन्ही ताडून पाहिलं. पासबुकात ३,८६० आणि कालनिर्णयावर ३,३६०. मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, चुकलंय, पाचशे कमी लिहिलेत." त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. हळूच म्हणाले, "तुला कोणी वजाबाकी विचारली?"

दर शनिवारी पाचशे कमी लिहायचे ते. आईला वाटावं एवढेच आहेत. आईही काही कमी नव्हती, ती त्या आकड्यातून मनातल्या मनात आपले दोनशे वजा करून मगच वाण्याची यादी करायची, हे तिनेच मला पुढे सांगितलं. एकाच खात्याच्या घरात तीन शिलका होत्या आणि कोणी कोणाला खोटं पाडत नव्हतं.

मी नोकरीला पुण्यात आले ते २०१३ ला. खातं कॉलेजात असताना साताऱ्यालाच काढलेलं, कार्ड फक्त एटीएमपुरतं. पगार असा की महिनाअखेरीला मेसवाल्या काकूंची नजर चुकवावी लागायची. पण एक नशीब होतं, दोनशे-अडीचशे उरले की कधीतरी खात्यात पाचशे यायचे. बाबा नंतर फोनवर म्हणायचे, "जरा एलआयसीचे आले होते." किंवा "रद्दी विकली." मी म्हटलं ठीक आहे, रद्दी पाचशेची होत नाही हे मला तेव्हा सुचलंच नाही, भूक लागलेली असली की माणूस हिशेब करत नाही.

मग नोटाबंदी झाली. सगळे यूपीआय म्हणायला लागले, मी पण घेतलं अ‍ॅप, तर ते म्हणे बँकेत नोंदवलेल्या नंबरचंच सिम लागेल. गेले शाखेत, रांगेत दीड तास. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनवरून नंबर वाचून दाखवला आणि विचारलं, हाच बदलायचा ना? तो बाबांचा होता. खातं काढताना माझ्याकडे मोबाइल नव्हता म्हणून त्यांचा दिलेला, मी साफ विसरून गेलेले. तीन वर्षं माझ्या प्रत्येक शंभर-दोनशेचं टिंग साताऱ्यात वाजत होतं. मी इथे फोनवर "मजेत आहे" म्हणत होते आणि त्यांच्या खिशात माझं बाल.

फॉर्म भरला, सही केली. काही बोलले नाही. तेही नाही बोलले. त्यानंतर रद्दी विकली गेली नाही.

काल संध्याकाळी फोन केला त्यांना. सतरा सत्तरचं सांगितलं, वाटलं हसतील. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारून टाकलं, "बाबा, तेव्हा माझे बँकेचे मेसेज तुमच्याकडे यायचे, ना?"

पलीकडे टीव्हीचा आवाज जरा कमी झाला.

"दर तिमाहीला कापतात?" बाबा म्हणाले. "म्हणजे वर्षाचे सत्तर रुपये ऐंशी पैसे झाले की गं. शाखेत जाऊन विचार जरा."