पद्मिनीला कोणता कार्बोरेटर?

आजचा दिवस प्रीमियर पद्मिनीचा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, निवडण्यात गेला. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचं इंजिन 1089 सीसीचं. 5000 आरपीएमलाही ते मिनिटाला जेमतेम 2200 लिटर हवा ओढतं. म्हणून मोठा कार्बोरेटर घेऊ नकाच. व्हेंचुरी (कार्बोरेटरचा हवा जाणारा अरुंद गळा) मोठी झाली की हवेचा वेग पडतो, जेटमधून (पेट्रोलच्या बारीक भोकातून) पेट्रोल वेळेवर खेचलं जात नाही आणि क्लच सोडताच गाडी गचके खाते.

बाजारातला ‘नवा’ पीस पुष्कळदा घासूनपुसून चकचकीत केलेला जुनाच असतो. थ्रॉटलचा, म्हणजे हवेच्या झडपेचा, शाफ्ट बोटांनी वरखाली हलवून बघा. खेळ (सैलपणा) लागला तर तो पीस परत ठेवा. तिथूनच फालतू हवा शिरते, मग कितीही स्क्रू फिरवा, स्लो स्पीड (गाडी उभी असतानाची इंजिनची संथ चाल) लागत नाही. त्यापेक्षा मूळ बॉडीला बुश (शाफ्टभोवती बसणारी छोटी नळी) मारून घेणं केव्हाही चांगलं! फ्लँजवर, म्हणजे कार्बोरेटरच्या नटांनी आवळायच्या सपाट कडेवर, स्टीलची पट्टी उभी धरा. खालून उजेड दिसला तर फ्लँज वाकलीय, नट जास्त आवळल्यानं होतं हे. जेटवर 120 लिहिलं असेल तर भोक 1.20 मिमीचं, तारेनं कोरू नका. आणि मॅनिफोल्डवरचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवरचा) उष्णता अडवणारा जाड बेकेलाइट स्पेसर परत बसवाच, नाहीतर उन्हाळ्यात पेट्रोल कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीतच उकळतं.