इन्फिनिटी सापडली! एम४२ ॲडॉप्टरमधला ०.१ मिलिमीटर

मागच्या अपडेटमध्ये रडगाणं एकच होतं: नवा एम४२ ते ई-माउंट ॲडॉप्टर (जुन्या स्क्रूवाल्या लेन्स सोनीच्या कॅमेऱ्यावर बसवणारी कडी) आल्यापासून लांबचं काहीच शार्प येत नाही, म्हणजे फोकस इन्फिनिटीपर्यंत, अगदी लांबपर्यंत, पोचतच नाही. तो प्रश्न सुटलाय, आणि नुसता ‘चालून जाईल’ असा नाही, तर मधोमध आणि चारही कोपऱ्यांत सुटलाय. सुपर-टाकुमार २८ मिमी एफ/३.५ पूर्ण उघड्या ॲपर्चरवर दादर चौपाटीवरून वांद्रे-वरळी सी लिंकच्या केबल्स वेगवेगळ्या दाखवते आहे. महिन्याभरापूर्वी त्याच जागेवरून त्या केबल्सचा एक राखाडी पडदा दिसत होता.

लक्षणं आठवून बघा. हेलिओस ४४-२ (५८ मिमी एफ/२) वर काहीच बिघडलंय असं वाटत नव्हतं. दादरच्या फुलबाजारात शेवंतीच्या टोपल्या, गजरे ओवणारे हात, मागे भोवऱ्यासारखा फिरणारा बोके (पार्श्वभूमीचा धूसरपणा), सगळं जागच्या जागी. ५८ मिमीने आपण रोज जे टिपतो ते तीन-चार मीटरच्या आतलं असतं, त्यामुळे इन्फिनिटी गायब आहे हे कळायला वावच नाही. २८ चढवली आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून मैदानाचा फोटो घेतला, तेव्हा कट्ट्यावर बसलेले आजोबा स्वच्छ आणि मैदानातली नेटप्रॅक्टिस लोण्यासारखी मऊ.

‘एफ/८ ला बंद कर, सगळं ठीक दिसेल’ हा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. ठीक दिसतं हे खरंय. पण ते का दिसतं हे कागदावर मांडलं, आणि तिथूनच धागा हाती लागला.

एम४२ चं रजिस्टर (लेन्स जिथे टेकते तिथपासून सेन्सरपर्यंतचं अंतर) ४५.४६ मिमी, ई-माउंटचं १८. म्हणजे ॲडॉप्टरची जाडी हवी २७.४६. ती ०.१ मिमीने जास्त असली, तर लेन्स इन्फिनिटीच्या टोकाला नेऊनही फोकस थांबतो तो फोकल लेंग्थचा वर्ग भागिले जादा जाडी, इतक्या अंतरावर. हेलिओससाठी ते निघतं साधारण ३३ मीटर. २८ साठी मात्र ७.८ मीटर! त्यापलीकडचं सगळं फोकसच्या बाहेर. ॲपर्चर मात्र यात कुठेच येत नाही. ते येतं धूसरपणाच्या हिशोबात: लांबच्या एका बिंदूचा सेन्सरवर जो गोल ठिपका पडतो, त्याचा व्यास म्हणजे जादा जाडी भागिले एफ-नंबर. इथे फोकल लेंग्थचा संबंध नाही. एफ/३.५ ला तो ठिपका जवळपास ०.०३ मिमीचा, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवर पाच पिक्सेल. एफ/८ ला तोच दोन पिक्सेलवर येतो आणि डोळ्याला कळेनासा होतो. म्हणून ‘एफ/८ ला ठीक’. दोष तिथेच असतो, ॲपर्चर त्याला फक्त झाकतं.

हे समीकरण उलटं फिरवलं की ॲडॉप्टरला हात न लावता त्याची चूक मोजता येते. लांबचा एक प्रकाशबिंदू हवा, आणि तो मुंबईत फुकट मिळतो. आमच्या गच्चीवरून लोअर परळ-वरळीच्या टॉवरांच्या माथ्यावरचे लाल दिवे दिसतात, विमानांसाठी लावलेले. काही किलोमीटर लांब, रात्रभर चालू, आणि थोड्याफार धुरकट हवेतही ठळक. दिवसा सी लिंकवर टेस्ट करताना लेन्स मऊ की हवा मऊ हे कळत नाही, हिवाळ्यात तर अजिबातच नाही. लाल दिव्यांनी तो घोळ मिटवला. ट्रायपॉड, लेन्स इन्फिनिटीच्या टोकाला, ॲपर्चर पूर्ण उघडं, आणि मग कॉम्प्युटरवर ठिपक्याची रुंदी पिक्सेलमध्ये मोजायची. टाकुमार एफ/३.५ ला पाच पिक्सेल. हेलिओस एफ/२ ला आठ ते नऊ. पिक्सेलचा आकार ५.९ मायक्रॉन धरून दोन्हीकडे गुणाकार केला तर उत्तर तेच: ०.१ मिमीच्या आसपास. एक लेन्स जपानची, दुसरी रशियाची, आणि दोघींची चूक तंतोतंत सारखी. म्हणजे दोन्ही लेन्स निर्दोष, चोर ॲडॉप्टरच. मला त्या रात्री झोप लागेना इतका आनंद झाला होता.

एक गोष्ट मात्र अजून बसत नव्हती. फ्रेमच्या डाव्या कडेचे दिवे उजव्या कडेच्या दिव्यांपेक्षा मोठे पडत होते. टाकुमार डिसेंटर (आतली काच मध्यावरून सरकलेली) असेल असा संशय होता, पण हेलिओसनेही डावीच बाजू बिघडवली.

नागदेवी स्ट्रीटला गेलो. हत्यारांसाठी या शहरात दुसरीकडे जायची गरज नाही हे माझं ठाम मत आहे. फटी मोजायचा फीलर गेज, शिमसाठी (फट भरायच्या पातळ चकतीसाठी) पितळी पत्रा, वॉटर पेपर, चांगले जेआयएस (जपानी मापाचे) स्क्रूड्रायव्हर, सगळं एका गल्लीत, आणि हातात घेऊन बघता येतं. (जपानी लेन्स उघडणार असाल तर साधा फिलिप्स वापरू नका. तो स्क्रूच्या डोक्यावरून घसरतो आणि डोकं खातो.) व्हर्निअर मात्र लोअर परळच्या एका गाळ्यातल्या ओळखीच्या टर्नरकाकांचा वापरला, ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा. ॲडॉप्टरच्या कडेवर चार ठिकाणी जाडी घेतली. एका बाजूला २७.६०, समोरच्या बाजूला २७.५२, मधल्या दोन जागा यांच्या दरम्यान. सरासरी २७.५६. लाल दिव्यांनी सांगितलेला आकडा बरोबर होता, आणि डाव्या बाजूचं कोडंही त्यातच सुटलं: ॲडॉप्टर नुसता जाड नव्हता, तिरकाही होता.

माझा बेत लेथवर फेस मारून, म्हणजे वरचा पृष्ठभाग तासून, घ्यायचा होता. काकांनी ॲडॉप्टर हातात फिरवून परत दिला.

‘चकमध्ये धरला की हा दबणार. पातळ ॲल्युमिनियम आहे, साहेब. पॉइंट एक काढायला जाल आणि पॉइंट दोनने वाकडा होईल. आधी उघडून बघा, आत काय आहे ते.’

उघडला. मागची पितळी बायोनेट प्लेट चार स्क्रूंनी बसवलेली, स्क्रूंना थ्रेडलॉक (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) लावलेलं. हेअर ड्रायरने गरम केल्यावर ते सुटले. प्लेट उचलली आणि खाली जे दिसलं त्याचा फोटो मी जपून ठेवलाय. ज्या बैठकीवर प्लेट टेकते ती मशिनिंग केलेली, उघड्या धातूची असायला हवी. तिच्यावर काळ्या रंगाचा थर होता, आणि एका बाजूला तो ओघळून जाड झालेला. ओघळाची कड नखाला लागत होती. जाडीही त्यामुळे, तिरकेपणाही त्यामुळे. मशिनिंगचं काम कोणीतरी नीट केलं होतं, रंगवणाऱ्याने बैठक न झाकताच स्प्रे मारला. विक्रेत्याचं नाव घेत नाही. परत पाठवतो म्हटल्यावर ‘जुन्या लेन्स अशाच मऊ असतात’ असं उत्तर आलं होतं, ते मात्र मनाला लागलं. जुन्या लेन्स अशा नसतात. टाकुमारसारखी लेन्स साठ वर्षांनंतरही काय देते हे ज्याने बघितलंय तो असं बोलणार नाही.

रंग ॲसिटोनने मऊ करून लाकडी काडीने खरवडला, धातूचं पातं कुठेही लावलं नाही. मग जाड काचेच्या तुकड्यावर १००० नंबरचा वॉटर पेपर, पाण्याचे थेंब, आणि ॲडॉप्टरची बैठक खाली ठेवून इंग्रजी आठच्या आकारात हलके फेरे, मध्येमध्ये पाव वळण देत. बैठकीवर मार्करने रेघोट्या मारून ठेवल्या होत्या. ज्या बाजूची रेघ उरते ती बाजू अजून खाली आहे हे लगेच दिसतं. सगळ्या रेघोट्या एकदम पुसल्या गेल्या तो क्षण फार सुखाचा होता. प्लेट परत बसवून मोजलं: चारही बाजूंना २७.४४. हिशोबापेक्षा ०.०२ कमी, आणि मला तेवढंच हवं होतं. इन्फिनिटी आता टोकाच्या केसभर आधी येते. उन्हाळ्यात धातू थोडा फुगला तरी ती हातची जाणार नाही. नंतर सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, ब्लोअर मारून, एक रात्र डब्यात ठेवून मगच कॅमेऱ्याला लावलं. धातूचा कण सेन्सरवर गेला तर त्याला इलाज नाही.

लाल दिवे पुन्हा टिपले. टाकुमारचा ठिपका दोन पिक्सेलच्या आत, डावीकडे-उजवीकडे सारखा.

आता खरी मजा. रजिस्टर बरोबर झालं की लेन्सवरची अंतराची पट्टी खरं बोलायला लागते, आणि २८ मिमी झोन फोकसिंगची लेन्स बनते. एफ/८, फोकस ३.३ मीटरच्या जवळपास, की १.६ मीटरपासून इन्फिनिटीपर्यंत सगळं पकडीत. आधी पट्टीवर ३.३ ठेवलं की प्रत्यक्षात फोकस २.३ वर बसत होता, म्हणून पट्टीवर कुणाचा विश्वासच राहत नव्हता. परवा सकाळी दादर स्टेशनच्या पुलावरून उतरून थेट फुलबाजारात शिरलो, व्ह्यूफाइंडर फक्त चौकटीसाठी वापरला, फोकसला हातही लावला नाही. डोक्यावर करंडी घेऊन धावत येणारा हमाल, त्याच्या मागे हारांची रांग, त्यामागे पुलाचे खांब, सगळं एका फ्रेममध्ये जिवंत. ऑटोफोकस त्या गर्दीत दर वेळी नवा चेहरा शोधत बसतो.

पण म्हणून माझी ३५ मिमी एफ/१.८ ची नवी ऑटोफोकस लेन्स कपाटात जाणार नाही. संध्याकाळी सातनंतर, लोकलच्या दारात, किंवा भाची घरभर पळत असते तेव्हा तीच लावतो, आणि पळत्या मुलाच्या डोळ्यावर टिकणारा फोकस जुन्या काचेने देता येत नाही. दिवसा उजेडी, पायी, ओळखीच्या अंतरांवर: तिथे टाकुमार. पीकिंगबद्दल (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी कॅमेऱ्याची सोय) माझं मत मात्र पक्कं झालंय. एफ/२ ला हेलिओसवर पीकिंगचे रंग खऱ्या फोकसपेक्षा कितीतरी जाड पट्टा दाखवतात. मॅग्निफायचं बटण अंगठ्याखाली ठेवा आणि तेच वापरा. शिवाय लेन्स बदलली की स्टेडीशॉटमध्ये (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) फोकल लेंग्थ हाताने बदलायची. ५८ चा आकडा ठेवून २८ वापरली तर कॅमेरा गरजेपेक्षा जास्त भरपाई करतो आणि फोटो हलतो.

माझ्या दुसऱ्या टाकुमारची, ५० मिमी एफ/१.४ ची, छोटीशी बातमी: पिवळेपणा गेला. सात एलिमेंटवाली आवृत्ती, थोरियमच्या (वयाबरोबर पिवळ्या पडणाऱ्या) काचेची, चहाच्या रंगाची झाली होती. पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं, म्हणून बहिणीच्या नेलपॉलिशच्या यूव्ही दिव्याखाली ठेवली, मागे ॲल्युमिनियम फॉइल. पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिली तर आता कागद पांढराच दिसतो. बुरशीची भीती तेवढी कायम आहे. ड्राय कॅबिनेट (लेन्स कोरड्या ठेवायचं कपाट) ४५ टक्के आर्द्रतेवर आहे. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी हवाबंद डबा आणि सिलिका जेल यांच्यावर जून उजाडायच्या आत पैसे घालावेत. बुरशीने कोटिंग खाल्लं की ते पुसून परत येत नाही.

पुढचा बेत होता हेलिओस विकून फ्लेक्टोगॉन ३५ या दुसऱ्या जुन्या लेन्ससाठी पैसे जमवायचे. हे लिहिता लिहिताच तो बदलतोय. ॲडॉप्टर उघडा होता तेव्हा आतली भिंत पाहिली, ती आरशासारखी चमकते. हेलिओसवर खिडकीसमोर फ्रेमच्या मधोमध जो फिकट ढग येतो, तो मी लेन्सच्या खात्यावर टाकत होतो. तो या भिंतीचा असण्याची दाट शक्यता आहे. तेव्हा हेलिओस आत्ता विकायची नाही. आधी भिंतीला आतून काळं करायचं. मंगलदास मार्केटमधलं काळं मखमल डोळ्यांसमोर आलं होतं, पण त्याचे तंतू सुटून सेन्सरवर येतील, म्हणून मॅट काळा रंगच, ब्रशने, आणि बैठकीला मास्किंग टेप लावून.

दुसरी कल्पना अधिक खर्चाची आहे, पण मला ती आवडू लागली आहे: प्रत्येक लेन्सला स्वतःचा ॲडॉप्टर, तिच्या मापाने घासलेला किंवा शिम घातलेला, कायमचा तिच्यावरच. मग लेन्स बदलणं नव्या लेन्सइतकंच झटपट होईल. तीन ग्रब स्क्रूंवर (डोकं नसलेल्या छोट्या स्क्रूंवर) आतली रिंग फिरवता येते असेच ॲडॉप्टर घ्यायचे, म्हणजे ॲपर्चरची खूण वर मधोमध आणता येते. ते मी ऑनलाइन घेणार नाही. कॅमेऱ्यांच्या बोरा बाजारात जाऊन, व्हर्निअर खिशात ठेवून, काउंटरवरच मोजून घेणार.

तुमच्याकडे एम४२ ते ई-माउंट ॲडॉप्टर असेल तर चार ठिकाणची जाडी मोजून कळवा, आणि सोबत तो कुठल्या बनावटीचा तेही. २७.४० ते २७.४६ मध्ये बसणारे कुठले हे मला घ्यायच्या आधी हवंय.