भायखळा-परळ १९३७: नकाशा अर्धा झाला, शीट परत पहिल्यापासून

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीचे मतदारसंघ नकाशावर काढतोय आणि निकाल एका एक्सेल-छाप शीटमध्ये भरतोय; दोन रविवार गेले आणि मुंबई प्रांताच्या १७५ जागांपैकी माझा एकच मतदारसंघ झालाय, तोही अर्धा. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या नकाशाचा स्कॅन चढवला, खाली महापालिकेच्या आजच्या ई आणि एफ साउथ वॉर्डच्या हद्दी टाकल्या, रेल्वेचे रूळ छान जुळले पण परळकडे सगळा गोंधळ, तासभर डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली की तेव्हा एफ वॉर्ड अख्खा एकच होता, नॉर्थ-साउथ हे नंतरचं!

खरा घोळ मात्र शीटमध्ये होता. इथल्या दलितांसाठीच्या राखीव जागेवर डॉ. आंबेडकर विरुद्ध काँग्रेसचे पाळवणकर बाळू, हो तेच, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढणारे डावखुरे बाळू. आणि गंमत बघा, राखीव जागा पण मतदान सगळ्यांचं एकत्र, हे ज्या पुणे करारातून आलं त्यावर दोघांच्याही सह्या आहेत. बाबासाहेबांना १३,२४५, बाळूंना ११,२२५, म्हणजे फरक २,०२० चा. मी बिनधास्त 'इतक्या लोकांनी मत दिलं' असा कॉलम करून टक्केवारीचा फॉर्म्युला ओढून मोकळा. अरे पण हा अनेक जागांचा मतदारसंघ, आणि मुंबई प्रांतात नियम असा की जितक्या जागा तितकी मतं आणि ती सगळी एकालाच टाकली तरी चालायची. म्हणजे १३,२४५ ही मतं झाली, माणसं नव्हेत. माणसं किती ते नुसत्या या आकड्यावरून निघतच नाही. कॉलम उडवला. माझ्या मते छोट्या पक्षाला हे फार सोयीचं होतं, आपले मतदार थोडे असले तरी सगळी मतं एका माणसावर ओतायची, बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षासाठी तर सोन्याहून पिवळं.

अजून एक, १९५२ च्या लोकसभेतलं 'उत्तर मुंबई' मी याच मतदारसंघाचं पुढचं नाव समजून जोडून ठेवलं होतं. तिथे काँग्रेसच्या काजरोळकरांनी बाबासाहेबांना १४,५६१ मतांनी हरवलं, पण ती लोकसभा, हद्द वेगळी, मतदार वेगळे. १९३५ च्या कायद्याचे मतदारसंघ १९३७ आणि १९४६ अशा दोनच प्रांतिक निवडणुका बघून संपले, शिवाय तेव्हा भाडं, कर, शिक्षण असल्या अटींत बसलात तरच मत, १९५२ ला २१ पूर्ण झालेला प्रत्येक जण. नकाशातले दोन्ही लेयर (थर) तोडून वेगळे केलेत.

आता एफ वॉर्डची जुनी हद्द हातानेच काढतोय, माटुंग्यापर्यंत पोचलोय.